‘पहले’ची भिंत

रायपूर
१२ नोव्हेंबर २०२४

इंदू मावशी,

आधी नमस्कार, मग तक्रार. चकल्यांचा डबा तू माझ्या पिशवीत इतका खाली कोंबलास की घरी येईपर्यंत त्यांचा भुगा झाला. ऑफिसात सगळ्यांनी तो चमच्यानं खाल्ला आणि तुझं नाव काढलं. फोनवर तुला काही ऐकू येत नाही, आणि कानात यंत्र घालायचं म्हटलं की तू माहेरी जायच्या गोष्टी करतेस, म्हणून पुन्हा पत्र. तुझ्या शेजारचे लोकेशभैया रोज अभनपूरहून इथल्या दुकानात कामाला येतातच. त्यांच्या हाती पाठवते, तूही तसंच पाठव.

दिवाळीत तू विचारलंस, "पोट्टे, भित्तीचे फोटू काहून काढून राहिली? माणसायचे काढ ना!" तेव्हा मी हसून टाळलं. आता सांगते.

आमच्या ऑफिसात घरं बांधण्याआधीच त्यांची चित्रं करतात, अगदी फोटोसारखी. खोलीचा नुसता सांगाडा दुसरे लोक कॉम्प्युटरवर उभा करतात. मी त्याला कातडी चढवते. फरशी कशी, लाकूड कसं, पितळ कसं, भिंत कशी, ते सगळं माझं काम. त्याला आम्ही मटेरियल म्हणतो. ऐकायला सोपं वाटतं, पण माझ्या भिंती पाहून अच्युत सर रोज नाक मुरडतात. सर आपलेच, घरी मराठी बोलणारे, पण ऑफिसात शिरले की हिंदी. "अनुश्री, ये प्लास्टिक है. असली चीज़ में मैल होता है. मैल लाओ."

आता मैल कुठून आणू? इंटरनेटवरच्या भिंती सगळ्या परदेशातल्या. त्यांचा मळही आपल्यासारखा दिसत नाही. मग दिवाळीत तुझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना वर पाहिलं आणि चहा तसाच राहिला. ढग आले होते, तेच बरं. ऊन असलं की सावली फोटोतच चिकटून बसते, मग ती काही केल्या निघत नाही. तुला विचारायला हवं होतं. पण तू म्हणाली असतीस, थांब, आधी पुसून घेते, आणि माझं काम बुडालं असतं.

स्वयंपाकघरं बनवणाऱ्या एका मोठ्या शोरूमचं काम आलंय. ते साधलं तर मी कायम होईन, नाहीतर मार्चमध्ये नारळ. देवाजवळ माझ्यासाठी एक शब्द टाक.

तुझी
अनु


अभनपूर
२० नोव्हेंबर

अनु,

तुला मळच पाहिजे होता तर आधी सांगायचं. पोत्यानं दिला असता, वर हळद-कुंकू लावून. लोकांच्या भाच्या मावशीकडून लोणचं नेतात, माझी भाची काजळी घेऊन गेली.

पण खरं सांगू, वाचून मला फार आनंद झाला. माझी भिंत मोठ्या शोरूममध्ये! मी साऱ्या पाऱ्याला, आळीतल्या घरोघरी, सांगून आले. अपर्णा म्हणाली, "हव मौसी, अब तो आपका रसोईघर फेमस हो गया." तू लोकेशला भैया म्हणतेस, पण त्याच्या बायकोला साधं वहिनी म्हणून दोन ओळी लिहीत नाहीस. माझी एवढी काळजी घेणारी ती.

आता चित्र करतेच आहेस तर भिंतीवर काय काय आहे ते नीट ऐक, चुकीचं नको व्हायला. वरची काळी पट्टी आहे ना, ती डब्यांची. तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलीस, तेव्हापासून मी मंडीतल्या कारकुनांचे आणि शाळेच्या मास्तरांचे डबे केले. रोज तेवढ्यांच्या फोडण्या म्हटल्यावर भिंत काळी होणारच. खिडकीखालचा ओघळ पावसाचा, त्यात माझा दोष नाही. आणि बटनांच्या बोर्डाखाली चार पिवळी बोटं आहेत, ती माझी. हळदीचा हात, कुकर शिट्ट्या देऊन राहिला, आणि लाइट गेलेली परत आली की बटन कोण बंद करणार? कितीदा घासली, जात नाहीत.

उद्घाटन कधी आहे ते कळव. मी हिरवी पैठणी काढून ठेवते. तुझ्या कामाचं मला काही कळत नसलं तरी माझी भिंत मी ओळखीनच.

इंदू मावशी


रायपूर
१४ डिसेंबर

मावशी,

काम झालं! म्हणजे भिंत झाली. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फोटो घेतला म्हणजे मटेरियल झालं असं नसतं. कॉम्प्युटरला भिंतीचा रंग कळतो, स्वभाव कळत नाही. कुठे तेल बसून चकाकी आली आहे, कुठे काजळी कोरडी आहे, कुठे पोपडा वर आलाय, हे त्याला वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी तोच फोटो काळा-पांढरा करायचा. जिथे काळं, तिथे उजेड चकाकतो. जिथे पांढरं, तिथे तो मरतो. तुझ्या काळ्या पट्टीवर दिवा टाकला आणि ती तव्याच्या कडेसारखी हळूच चमकली, तेव्हा मी खुर्चीतच उडी मारली. सांधाही बेमालूम जमला. भिंत मोठी असली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावावा लागतो, आणि एखादी खूण ठळक असली तर लोकांच्या डोळ्यांत येते. म्हणून बरंच काही पुसलं. बोटं तेवढी ठेवली. ती काढवली नाहीत.

अच्युत सर कितीतरी वेळ पडद्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "ये मिला कहाँ?" मी म्हटलं, मिळालं एका ठिकाणी.

उद्घाटन संक्रांतीनंतर आहे. पण तू येऊ नकोस गं. नुसती गर्दी असणार, सगळे बिल्डर आणि त्यांच्या बायका, बसायला जागा नाही, तुला काही ऐकूही येणार नाही आणि तू कंटाळशील. त्या दिवसांत थंडीही फार असते. मी तुला फोटोच आणून दाखवीन, आरामात बघ. पैठणी आतच ठेव.

अपर्णावहिनींना नमस्कार सांग. हे घे, दोन ओळी झाल्या.

अनु


अभनपूर
२२ डिसेंबर

अनु,

थंडीला मी भीत नाही आणि गर्दीलाही नाही. बहिऱ्या माणसाला गर्दी उलट बरी, कोण काय बोलतं त्याचा त्रास नसतो. पण तू नको म्हणतेस तर नाही येत. तुझ्या साहेबासमोर म्हातारी मावशी कशाला मिरवायची, हे मला समजतं.

चित्राखाली तुझं नाव लिहितात का? लिहीत नसतील तर साहेबाला सांग, मावशीनं विचारलंय म्हणून.

तिळगूळ लोकेशजवळ देते. यंदा वेगळ्या पिशवीत.

इंदू मावशी


रायपूर
१९ जानेवारी २०२५

मावशी,

उद्घाटन झालं. छान झालं. सरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून सांगितलं, मी कायम झाले. कागदही हातात दिला.

तू आली नाहीस ते बरंच झालं. पाय ठेवायला जागा नव्हती. जेवणाचा थाट होता, पण मला काही खाववलं नाही, दगदग झाली असेल. नावबिव लिहीत नाहीत गं, तशी पद्धत नाही.

फोटो आणायचे होते, पण ते शोरूमचे लोक काढू देत नाहीत. पुढे कधीतरी बघू. आता पुष्कळ काम आहे, बहुतेक होळीपर्यंत येणं जमणार नाही. रागावू नकोस.

अनु


अभनपूर
३ फेब्रुवारी

अनु,

कायम झालीस! देवापुढे साखर ठेवली, मग पाऱ्यात वाटली. तुझी आई असती तर तिनं पेढेच वाटले असते, ती माझ्यापेक्षा सढळ होती.

आता एक सांगते, त्यावर चिडू नकोस. मी आले होते.

अपर्णाला बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या, म्हणून आम्ही दोघी सदर बाजारात आलो. परत निघताना मी म्हटलं, जाता जाता पचपेढी नाक्याजवळ उतरू, तिथेच ते शोरूम आहे ना, आणि उद्घाटनही आजच आहे, लोकेशनं चौकशी करून ठेवलीय. लांबून बघू आणि निघू. तुझ्या कामात यायचं नाही, असं पक्कं ठरवलं होतं. पैठणी नेसले नव्हते, साध्याच साडीत होते. दारात सरबत वाटत होते, मी एक ग्लास घेतलासुद्धा.

मग ती भिंत पाहिली. आणि काय सांगू तुला, मी ती ओळखलीच नाही. दुकानाच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत ते चित्र, आणि मला वाटलं, कोणाचं हे घाणेरडं घर! मनात म्हणाले, काय बाई, कशी राहतात माणसं. मग बोटं दिसली. बोर्डाखाली माझी चार बोटं, आणि तिकडे जिथे बोर्डच नाही तिथे पुन्हा माझीच चार बोटं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पहले’. शेजारी पांढरं गुळगुळीत स्वयंपाकघर, त्यावर ‘अब’.

तू चित्राजवळ उभी होतीस, निळ्या कुर्त्यात. चांगली दिसत होतीस, पण बारीक झालीस. एका गृहस्थानं तुला चित्राकडे हात करून काहीतरी विचारलं. तू काहीतरी सांगितलंस. सगळे हसले, तूही हसलीस. माझे पाय आपोआप मागे गेले. मी अपर्णाच्या आड झाले आणि तिला ओढत बाहेर आणलं.

रस्त्यावर आल्यावर तिला विचारलं, "काय म्हनली व अनु?" ती आधी काही सांगेना. मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "मौसी, वो बोली कि ये मेरी मौसी का घर है, मैं यहीं पली-बढ़ी हूँ!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

बसमध्ये मला रडू आलं. मला तुझी लाज नाही वाटली पोरी, माझी वाटली. एवढ्या मोठ्या लोकांत, ‘पहले’ लिहिलेल्या चित्राखाली उभं राहून तू सांगितलंस की हे माझ्या मावशीचं घर. लोक हसले तरी सांगितलंस. आणि मी काय केलं? पुढे येऊन ‘ती मावशी मीच’ म्हणायचं सोडून पळाले. म्हटलं, आता पुढे गेले तर सगळे माझ्याकडे बघतील, हीच ती घाणेरडी बाई म्हणून. माझी भाची माझं नाव घ्यायला लाजली नाही, मीच लाजले. आणि डिसेंबरात मी तुला टोमणा मारला होता, म्हातारी मावशी कशाला मिरवायची म्हणून. तो मागे घेते.

दुसऱ्या दिवशी भिंतीला लागले. आधी सोडा टाकून घासली, मग अपर्णानं आणि मी मिळून ऑइल पेंट मारला, पिस्ता रंगाचा. बोटं गेली एकदाची. सोड्यानं नव्हती गेली, रंगानं गेली. आता कोणी विचारलं तर खुशाल सांग, ये मेरी मौसी का घर है. हसायला काही शिल्लक ठेवलं नाही.

एक राहिलंच. सरबताचा ग्लास पळताना माझ्याच हातात राहिला आणि पिशवीतून घरी आला. चांगला जाड काचेचा आहे. या पत्राबरोबर पाठवते, त्यांचा त्यांना देऊन टाक. चोर म्हणायचे मला.

इंदू मावशी


रायपूर
२४ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही. लोकेशभैया दोनदा विचारून गेले, "मौसी पूछ रही हैं, कुछ देना है क्या?" मी त्यांना नाही म्हणाले. ग्लास टेबलावर आहे. त्याच्याकडे पाहिलं की मला माझं तोंड कुठे लपवू असं होतं.

अपर्णावहिनी तुझ्याशी खोटं बोलल्या. मी तसं म्हटलं नव्हतं.

त्या माणसानं विचारलं, "मैडम, ये किसका घर है?" आणि मी म्हटलं, "भनपुरी साइड में कोई है, ट्रकवालों का. मैंने तो नाक पकड़कर फोटो ली." म्हणून लोक हसले. मावशी, मी जसंच्या तसं लिहिलंय. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं.

आणि ते पहिल्यांदा नव्हतं. डिसेंबरात सरांनी "मिला कहाँ" विचारलं तेव्हाही मी अभनपूर टाळून भनपुरीच सांगितलं होतं. तुला लिहिलं, ‘मिळालं एका ठिकाणी’. काम ‘पहले’चं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला वाटलं तुझी भिंत सुंदर म्हणून लावताहेत, आणि मी ते वाटू दिलं. थंडीचं कारण काढलं ते तू येऊ नयेस म्हणून. इथं माझ्या बरोबरीच्या मुली वडिलांच्या गाडीतून येतात. कोणी घर विचारलं की मी ‘अभनपुर में हमारा घर है’ एवढंच सांगते आणि विषय बदलते, म्हणजे त्यांना शेत आणि बंगला वाटावा. त्या दिवशी पडद्यावर भिंत पाहून सगळे ‘छी, क्या रियल है’ म्हणाले, आणि त्यानंतर माझ्या तोंडून खरं निघेना.

तुझं पत्र वाचल्यावर मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, ती भिंत भनपुरीची नाही, माझ्या मावशीची आहे, मी त्याच घरात वाढले. मला वाटलं आता काहीतरी होईल. ते मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, "अरे, तो पहले बोलती! क्लाइंट को और अच्छा लगता, स्टोरी बन जाती." एवढंच. कोणाला काही पडलेलीच नव्हती, मावशी. ज्या लाजेपायी मी तुला नाकारलं, ती माझ्याशिवाय कोणाच्याच डोक्यात नव्हती. चित्र काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, अब वो नहीं निकलेगा, ग्राहकांना तेच आवडतंय.

अजून एक आहे, तेही सांगते. भिंतीला कॉम्प्युटरमधल्या आमच्या साठ्यात काहीतरी नाव द्यावं लागतं. मी दिलं होतं ‘गंदी दीवार’. काल ते बदलायला गेले. ‘इंदू मावशी’ असं लिहिलं आणि चित्र उघडलं, तर भिंत नाहीशी झाली, नुसता करडा पत्रा. नाव बदललं की कॉम्प्युटरला ती सापडत नाही. घाईत होते, सर मागे उभे होते, म्हणून पुन्हा जुनंच नाव लिहिलं. आणि लगेच भिंत परत आली.

तू ती घासलीस, रंगवलीस, एका गोड खोट्यासाठी, आणि ते खोटंही माझं नव्हतं, वहिनींचं होतं. मला तुझ्याकडे यायचं आहे, पण यायला तोंड नाही. तू वहिनींना काही बोलू नकोस. मला काय हवं ते बोल.

अनु


अभनपूर
४ मार्च

अनु,

वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं मलाच नीट वाचता येत नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

अपर्णाला विचारलं. ती रडायला लागली, म्हणाली, "मौसी, मैं और क्या बोलती?" मी तिला पोहे करून दिले आणि म्हटलं, आता गप खा. खोटं तुम्ही दोघींनी सांगितलं. तिनं माझी लाज राखायला सांगितलं, तू तुझी राखायला. तिचा मला राग येत नाही. तुझा येतो. चांगला येतो.

तू ते गरिबाघरचं ठरवलंस म्हणून नाही. गरीब तर गरीब, त्यात काय. ‘नाक पकड़कर’ म्हणालीस ते लागलं. त्याच भिंतीला पाठ टेकून तू दहावीचा अभ्यास केलास, बारावीचा केलास, तिथेच जेवलीस, तापानं फणफणलीस तेव्हा तिथेच निजलीस. तेव्हा कधी नाक धरलं नव्हतंस. हे तू लिहिलं नसतंस तर मला कळलंही नसतं, आणि मी मरेपर्यंत फुशारकी मारत राहिले असते. तरी लिहिलंस ते बरं केलंस. फुशारकी खरी असावी माणसाची.

मीही काही फार शहाणी नाही. माझीच भिंत पाहून मी म्हणालेच होते, कशी राहतात माणसं. तेव्हा तू एकटीच दोषी आहेस असं मी म्हणणार नाही. आणि ‘माफ केलं’ असंही लिहिणार नाही. ते लिहायला फार सोपं आहे, टपकन लिहून टाकता येतं. तुझ्या साहेबाला तू सांगितलंस, ते चांगलं. पण बंद खोलीत एका माणसाला सांगितलंस, आणि नाकारलं होतंस चारचौघांत.

घरी येऊ नकोस. मीच येते. येत्या रविवारी, बारापर्यंत त्या शोरूममध्ये. एकटी येईन, अपर्णाला आणणार नाही, तिला आता माझ्यासाठी काही बोलावं लागू नये. त्या चित्राजवळ जाऊन उभी राहीन. तिथे त्या दिवशीचे बिल्डर नसतील, नसू देत. नवरा-बायको कोणी ओटा बघायला आले असतील, झाडणारी बाई असेल, दारावरचा चौकीदार असेल. जे असतील त्यांच्यासमोर ये आणि ही भिंत कोणाची, आणि ही बाई तुझी कोण, ते सांग.

मोठ्यानं सांग. मला ऐकू आलं पाहिजे.

इंदू मावशी